आठ तवे आणि एक पोळी

दिवाळीच्या आधी महिनाभर माझ्या फोनवर एकाच प्रकारचे मेसेज यायला लागतात. मामेभाऊ, शाळेतला जुना मित्र, सोसायटीतले काका. सेल सुरू झालेला असतो, दोन फोन कार्टमध्ये टाकलेले असतात आणि प्रश्न असतो, "यातला कुठला प्रोसेसर भारी?" मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे म्हणजे मला हे ठाऊक असणारच, असा घरोघरी समज आहे. (प्रिंटर बंद पडला तरी मलाच फोन येतो, ते सोडा.)

मी उलट विचारतो, "फोनवर करतोस काय?" उत्तर ठरलेलं असतं. व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टा, यूपीआय, फोटो. यातलं जवळजवळ सगळं दहा वर्षांपूर्वीचे फोनही करायचे. मग नव्या प्रोसेसरची गरज काय? पण त्याच माणसाचा तीन वर्षांपूर्वीचा फोन खरोखरच अडखळत असतो, हेही मी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. कीबोर्ड उघडायला दोन सेकंद, क्यूआर कोड स्कॅन करायला उघडलेला कॅमेरा काळाठिक्कर, मागे रांगेत उभी असलेली माणसं. म्हणजे वेगवान प्रोसेसरची गरज नाही हेही खरं आणि आहे हेही खरं. हे दोन्ही एकदम खरं कसं, ते समजून घ्यायचं तर चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

तुमच्या हातातला फोन अँड्रॉइड असो की आयफोन, त्याच्या प्रोसेसरचं मूळ इंग्लंडमधल्या केंब्रिजला आहे. तिथे एकॉर्न नावाची एक छोटी कंपनी बीबीसी मायक्रो हा शाळांमध्ये चालणारा संगणक बनवत होती. पुढच्या मॉडेलसाठी बाजारातले प्रोसेसर पसंत पडेनात, तेव्हा आपणच एक बनवू असं ठरलं. सोफी विल्सन यांनी त्याच्या आज्ञा ठरवल्या, स्टीव्ह फर्बर यांनी आतली रचना केली. पंचवीस हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टर, म्हणजे त्या काळाच्या मानानेही किरकोळ. कमी वीज खाणं हे यामागचं मोठं स्वप्न वगैरे नव्हतं. चिपला सिरॅमिकचं महागडं वेष्टन परवडणारं नव्हतं, प्लास्टिकचं हवं होतं, आणि प्लास्टिक वितळू नये म्हणून चिपने एका वॉटपेक्षा कमी वीज खायला हवी होती. काटकसरीचा हिशोब, बस.

२६ एप्रिल १९८५ ला पहिली चिप चालू झाली. ती किती वीज घेते हे मोजायला फर्बर यांनी मीटर लावला तर काटा शून्यावर. चिप मात्र काम करत होती. नंतर लक्षात आलं, की बोर्डातल्या चुकीमुळे चिपला वीज जोडलेलीच नव्हती. इतर तारांमधून जी थोडीफार गळत होती, तेवढ्यावरच ती चालली होती. फर्बर यांनी स्वतः अनेकदा सांगितलेला हा किस्सा मला फार आवडतो. आज आपण फोन 'गरम होतो' म्हणून कुरकुरतो तेव्हा तर जास्तच.

१९९० मध्ये या कामाची वेगळी कंपनी झाली, एआरएम. १९९७ च्या शेवटी आलेल्या नोकिया ६११० मध्ये एआरएमचा प्रोसेसर होता, आणि सापाचा खेळही. म्हणजे आपल्या आधीच्या पिढीने एआरएमच्या चिपवर पहिलं काम केलं ते बहुधा साप वाढवायचं.

तोपर्यंत प्रोसेसरच्या वेगाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. फोन फोनच होता. वेगाची शर्यत सुरू झाली ती २००७ नंतर. पहिल्या आयफोनचा प्रोसेसर ४१२ मेगाहर्ट्झवर चालायचा आणि रॅम होती १२८ एमबी. पुढच्या वर्षी एचटीसीचा पहिला अँड्रॉइड फोन आला, ५२८ मेगाहर्ट्झ आणि १९२ एमबी रॅमचा. जानेवारी २०१० मध्ये नेक्सस वनने १ गिगाहर्ट्झ गाठला. २०११ मध्ये दोन कोअर, २०१२ मध्ये चार.

आता गंमत बघा. कागदावर अँड्रॉइड पुढे होता, पण बोटाने यादी सरकवली की आयफोनवर ती लोण्यासारखी सरकायची आणि अँड्रॉइडवर एसटीने खड्ड्यातून जावं तशी. कारण प्रोसेसरमध्ये नव्हतं. आयफोनवर पडदा रंगवायचं काम पहिल्यापासून ग्राफिक्सच्या वेगळ्या चिपकडे होतं. अँड्रॉइडच्या फोनवर ते पूर्णपणे तिकडे जायला २०११ चा शेवट उजाडला.

इथे माणसाच्या इंद्रियांची गोष्ट सांगायला हवी. १९६८ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट मिलर यांनी एक निबंध लिहिला होता. संगणकाने किती वेळात उत्तर दिलं तर माणसाला ते कसं वाटतं, याबद्दलचा. त्यातून पुढे जे आडाखे रूढ झाले ते आजही वापरले जातात. सेकंदाच्या दहाव्या भागात काही झालं तर ते 'लगेच' झालं असं वाटतं. एका सेकंदात झालं तर थांबल्याची जाणीव होते, पण विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंद गेले की लक्ष उडालंच. ट्रान्झिस्टर दर दोन वर्षांनी दुप्पट होतात, पण आपले डोळे आणि मेंदू दुप्पट होत नाहीत. एखादं काम ०.०८ सेकंदात होत असेल आणि नव्या चिपने ते ०.०४ सेकंदात केलं, तर ते आलेखावर दिसेल, तुम्हाला दिसणार नाही. पण तेच काम दीड सेकंद घेत असेल तर अर्धा सेकंद वाचल्याचंही सुख मोठं असतं. वेग महत्त्वाचा आहे की नाही, हे तुम्ही उंबरठ्याच्या कुठल्या बाजूला उभे आहात त्यावर ठरतं.

गूगलने हे २०१२ मध्ये नीट मनावर घेतलं. अँड्रॉइड ४.१ बरोबर आलेल्या त्या प्रकल्पाचं नावच होतं 'प्रोजेक्ट बटर'. पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो, म्हणजे एका चित्रासाठी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. ते चुकलं की झटका बसतो. बटरमध्ये चित्रं पडद्याच्या तालावर तयार करायची सोय केली, एक जास्तीचं चित्र हाताशी ठेवलं आणि बोट पडद्याला लागताक्षणी प्रोसेसर जागा करायची युक्ती घातली. गॅलेक्सी नेक्सस हा आदल्या वर्षीचा फोन होता. त्याची चिप तीच राहिली, आणि अपडेटनंतर फोन वेगळा वाटायला लागला. एक रुपयाचं नवं हार्डवेअर न घेता.

आपल्याकडे शर्यत थोडी उशिरा आणि वेगळ्या रस्त्याने आली. नोव्हेंबर २०१२ च्या सुमारास मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास २ आला, ९,९९९ रुपयांना, मीडियाटेकच्या दोन कोअरच्या चिपवर. कॉलेजच्या कट्ट्यांवर त्या पाच इंची पडद्याचं काय अप्रूप होतं! फेब्रुवारी २०१४ मध्ये मोटो जी आला, त्याच वर्षी मे महिन्यात मोटो ई. १५ सप्टेंबर २०१४ ला सुंदर पिचाई यांनी दिल्लीत अँड्रॉइड वनचे फोन दाखवले. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस अशा तीन भारतीय कंपन्यांचे, चार कोअर, १ जीबी रॅम, किंमत ६,३९९ रुपयांपासून. चार वर्षांपूर्वीच्या नेक्सस वनपेक्षा ताकदवान फोन त्याच्या किमतीच्या अगदी छोट्या हिश्श्यात.

या दोन-तीन वर्षांत वेगवान प्रोसेसरने सामान्य माणसाचं खरंच भलं केलं, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याआधीचे पाच-सहा हजारांचे अँड्रॉइड फोन इतके संथ होते, की नकाशा उघडेपर्यंत रस्ता विचारून पोचता यायचं. या टप्प्यावर आपण उंबरठा ओलांडला. माझ्या वयाच्या, निमशहरात वाढलेल्या पुष्कळ जणांचा पहिला इंटरनेट असलेला संगणक म्हणजे याच पिढीतला एखादा फोन.

त्यानंतर मात्र आकड्यांचा बाजार सुरू झाला. नोव्हेंबर २०१३ मध्ये मीडियाटेकने आठ कोअरची चिप जाहीर केली. त्याच्या तीन महिने आधी क्वालकॉमचे आनंद चंद्रशेखर यांनी आठ कोअर हा मूर्खपणा आहे असं पत्रकारांना सांगून टाकलं होतं. पुढे क्वालकॉमनेही आठ कोअरच्या चिप विकल्याच. दुकानदाराला सांगायला सोपं होतं. चारापेक्षा आठ जास्त.

लग्नघरात आठ तव्यांवर आठ जणी पोळ्या करायला बसल्या तर पोळ्यांची चवड भराभर वाढते. पण पाहुणा एकच असेल आणि त्याला एकच पोळी हवी असेल, तर ती एकाच तव्यावर, तेवढ्याच वेळात भाजली जाणार. बाकीचे सात तवे नुसते तापणार. फोनवरची बरीचशी कामं ही अशी एकेक पोळीची असतात. ॲप उघडणं, वेबपान दाखवणं, बोट लागल्यावर प्रतिसाद देणं. यांचा मोठा भाग एका मागोमाग एकच करावा लागतो, वाटून देता येत नाही. तिथे एक कोअर किती चपळ आहे एवढंच महत्त्वाचं. हा आकडा खोक्यावर कधीच छापलेला नसतो.

आणि त्या एका कोअरचं काय झालं? एआरएमने ऑक्टोबर २०१२ मध्ये कॉर्टेक्स-ए५३ नावाची कोअर जाहीर केली. ती साधी, काटकसरी कोअर आहे. आज्ञा ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने पार पाडते. एखादी आज्ञा मेमरीतून माहिती यायची वाट बघत थांबली तर मागच्याही थांबतात, बँकेत पुढच्या आजोबांचा पासबुक प्रिंट होईपर्यंत आपण थांबतो तशा. महागड्या चिपच्या कोअर अशा वेळी मागचं काम पुढे घेतात. ए५३ मुळात त्या मोठ्या कोअरची मदतनीस म्हणून बनवलेली होती. पण स्वस्त चिपमध्ये आठच्या आठ कोअर ए५३ घालून 'ऑक्टा-कोअर' म्हणता येतं. २०२३ मध्ये भारतात साधारण सहा हजारांपासून विकायला आलेल्या रेडमी ए२ मध्ये मीडियाटेकची हेलिओ जी३६ ही चिप आहे. तिच्यात आठ ए५३ आहेत. अकरा वर्षांपूर्वी जाहीर झालेली कोअर, फक्त जरा जास्त वेगाने पळवलेली.

त्याच काळात महागड्या फोनची एकेक कोअर दरवर्षी चपळ होत गेली. म्हणजे 'प्रोसेसर वेगवान झाले' हे वाक्य कोणत्या किमतीच्या फोनबद्दल बोलतोय हे न सांगता म्हणणं अर्धवट आहे.

आकड्यांच्या या वेडात लबाडीही झाली. जुलै २०१३ मध्ये आनंदटेक या संकेतस्थळाने दाखवून दिलं, की सॅमसंग गॅलेक्सी एस४ ची एक आवृत्ती वेग मोजणारी ठरावीक ॲप ओळखते आणि तेवढ्यापुरती ग्राफिक्स चिप ५३३ मेगाहर्ट्झवर नेते. बाकी सगळ्या ॲपना कमाल ४८०. परीक्षेला साहेब येणार म्हणून वर्ग सारवून घ्यावा तसं. त्याच वर्षी आणखी तपास झाला तेव्हा अँड्रॉइडच्या बहुतेक मोठ्या कंपन्या कमी-अधिक हेच करताना सापडल्या. अमेरिकेतल्या खटल्यात सॅमसंगने २०१९ मध्ये १ कोटी ३४ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

मग वाढलेला वेग गेला कुठे? स्वस्त फोनचाही २०१४ पेक्षा वाढलाय, थोडा का होईना. तो आम्ही खाल्ला. आम्ही म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणारे.

हे पहिल्यांदा ठामपणे मांडलं ते स्वित्झर्लंडचे संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी. पास्कल भाषा त्यांचीच. फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यांनी हलक्या सॉफ्टवेअरची बाजू मांडणारा एक लेख लिहिला. हार्डवेअर ज्या गतीने वेगवान होतं, त्यापेक्षा जास्त गतीने सॉफ्टवेअर मंदावतं, असं त्यांचं म्हणणं होतं. (याचं श्रेय त्यांनी मार्टिन रायसर या सहकाऱ्याला दिलं होतं, पण नाव विर्थ यांचंच चिकटलं.) पंचवीस वर्षांपूर्वी मजकूर लिहायचा प्रोग्रॅम आठ हजार बाइटमध्ये बसायचा, आता त्याला शंभरपट जागा लागते आणि तो शंभरपट चांगला मात्र झालेला नाही, असा त्यांचा दाखला होता. आज ते आकडे वाचून हसू येतं. व्हॉट्सॲपवर येणारं गुलाबाचं 'शुभ सकाळ' चित्रसुद्धा आठ हजार बाइटमध्ये बसणार नाही.

यात कोणी खलनायक नाही, आणि म्हणूनच हे थांबत नाही. ॲप बनवणाऱ्या टीमला दर पंधरा दिवसांनी काहीतरी नवीन द्यायचं असतं. तयार घटक जोडले की काम लवकर होतं. एक घटक जाहिरातींसाठी, एक ॲप कुठे कोसळतं ते कळावं म्हणून, एक कोणी कुठलं बटण दाबलं ते मोजायला. प्रत्येक घटक ॲप उघडताना आपला थोडा वेळ मागतो. कोणाचाच हट्ट मोठा नसतो. आमच्या ऑफिसात एका खणात चार जुने स्वस्त फोन ठेवलेले आहेत, रिलीजआधी ॲप त्यांच्यावर चालवून बघावं म्हणून. बहुतेक वेळा त्यांची बॅटरी उतरलेली असते. टेबलावर असतो तो ज्याचा त्याचा स्वतःचा फोन, आणि आयटीतल्या माणसाचा स्वतःचा फोन सहा हजारांचा नसतो.

२०१८ मध्ये गूगलच्या ॲडी उस्मानी यांनी एक साधी तुलना मांडली होती. सीएनएनच्या संकेतस्थळावरचा जावास्क्रिप्टचा पसारा वाचून पचवायला आयफोन ८ ला सुमारे ४ सेकंद लागत होते, मोटो जी४ ला सुमारे १३. नेटचा वेग दोघांनाही सारखाच मिळाला तरी हा फरक राहणारच, कारण तो एका पोळीचा फरक आहे. मिलर यांचा दहा सेकंदांचा आडाखा आठवा. एकाच पानावर एक वाचक टिकतो आणि दुसरा निघून जातो. आणि दुसऱ्याला वाटतं, आपला फोन 'जुना झाला'.

फोन जुना होत नाही असंही नाही. डिसेंबर २०१७ मध्ये बाहेर आलं, की ॲपल जुन्या आयफोनची बॅटरी थकली की प्रोसेसरचा वेग स्वतःहून कमी करतं, आणि हे मालकाला स्पष्ट सांगितलेलंच नाही. बॅटरी अचानक कोसळून फोन बंद पडू नये हा हेतू पटण्यासारखा होता, लपवाछपवी नव्हती. कंपनीने माफी मागितली, अमेरिकेत बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला, आणि कित्येकांना तेव्हा कळलं की आपण नवा फोन घ्यायला निघालो होतो, हवी होती फक्त नवी बॅटरी. आपल्याकडचं नेहमीचं दुखणं याहून साधं असतं. साठवणुकीची जागा भरलेली असते. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने फाइल्स गो नावाचं ॲप दिल्लीत जाहीर केलं, आणि भारतीयांच्या फोनमधली 'शुभ सकाळ' चित्रं शोधून काढणं हे त्याचं एक खास काम होतं. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या 'हँग' फोनना नव्या चिपची नव्हे, केरसुणीची गरज होती.

याच्या उलट्या बाजूचीही एक परंपरा आहे. संथ प्रोसेसर गृहीत धरून काम करणाऱ्यांची. तिचं नाव सहसा कोणी घेत नाही, म्हणून जरा थांबतो.

२००६ च्या जानेवारीत नॉर्वेच्या ऑपेरा कंपनीने ऑपेरा मिनी जगभर दिलं. बटणांच्या साध्या फोनवर चालणारा ब्राउझर. त्याची कल्पना अशी, की वेबपान फोनने उघडायचंच नाही. ते कंपनीच्या सर्व्हरने उघडायचं, पिळून बारीक करायचं आणि तयार पान फोनकडे पाठवायचं. त्या फोनमध्ये देवनागरी लिपी नसायची. मराठी पान उघडलं की नुसते चौकोन. पण ऑपेरा मिनीत एक लपलेलं दालन होतं. पत्त्याच्या जागी ऑपेरा:कॉन्फिग असं टाइप केलं की सेटिंगची यादी यायची, आणि तळाशी 'क्लिष्ट लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरा' अशा अर्थाचा पर्याय असायचा. तो चालू केला की सर्व्हर मराठी मजकुराची चक्क चित्रं काढून पाठवायचा. वेलांट्या, जोडाक्षरं, रफार, सगळं जागच्या जागी. डेटा जास्त जायचा, पण वाचता यायचं. ही युक्ती एकाने दुसऱ्याला सांगायची, मराठी ब्लॉगवाल्यांनी ती आपापल्या पानांवर लिहून ठेवलेली असायची. मराठी वाचनासाठी फोनचा प्रोसेसर वेगवान व्हायची वाट बघावी लागली नाही. कोणीतरी आधीच विचार करून ठेवला होता, की ज्याच्याकडे काहीच नाही त्याला हे कसं मिळेल.

जिओफोनचंही थोडंफार तसंच. जुलै २०१७ मध्ये जाहीर झालेला, १,५०० रुपये अनामत ठेवून मिळणारा, ५१२ एमबी रॅमचा फोन. त्यावर क्रिकेट आणि सिनेमे बघितले जायचे, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये व्हॉट्सॲपही आलं. व्हिडिओ कसा चालायचा? कारण व्हिडिओ उलगडायचं काम मुख्य कोअर करतच नाहीत. चिपमध्ये त्यासाठी वेगळा, फक्त तेवढंच येणारा कोपरा असतो. म्हणून आजही स्वस्त फोनवर दोन तासांचा सिनेमा सुरळीत चालतो आणि वीजबिल भरायचं पान उघडताना तोच फोन धापा टाकतो.

वेगाची खरीखुरी गरज लागणारी कामंही आहेत. फोटो हे सगळ्यात ठळक. २०१३ च्या शेवटी नेक्सस ५ वर गूगलने एचडीआर प्लस आणलं. एकाऐवजी फटाफट अनेक फोटो काढायचे, ते एकमेकांवर नेमके बसवायचे आणि त्यातून एक स्वच्छ फोटो घडवायचा. तेव्हा प्रत्येक फोटोनंतर फोन काही क्षण गोल चक्र दाखवत बसायचा. आज ते कळतही नाही. गणपतीत रात्रीच्या मिरवणुकीचे फोटो चांगले येतात त्यात भिंगाइतकाच, कदाचित जास्तच, या गणिताचा वाटा आहे. मोठे गेम खेळणाऱ्यांनाही फरक पडतो. चार्जिंगवर लावून तासभर खेळलात तर तोही पडत नाही, कारण हातात धरायच्या वस्तूतून तीन-चार वॉटपेक्षा जास्त उष्णता फार वेळ बाहेर जात नाही आणि चिपला स्वतःचा वेग उतरवावा लागतो. महागडी चिप पूर्ण वेगात चालते ती पहिली काही मिनिटं.

एवढं सगळं सेलमधला फोन निवडण्यापुरतंच असतं तर मी इतका वेळ घेतला नसता. पण हल्ली फोन निवडणं सगळ्यांच्या हातात नसतं. काही जणांना तो दिला जातो आणि त्यावर काम करायला सांगितलं जातं.

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत करायला सुरुवात केली. जिल्ह्याजिल्ह्यांत प्रकल्प कार्यालयांसमोर फोन जमा केले. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर हे ॲप आलं होतं. गावातल्या प्रत्येक बालकाचं वजन, उंची, दिलेला आहार, गरोदर मातांच्या नोंदी, सगळं त्यात भरायचं. फोन त्याआधी, दुसऱ्या ॲपच्या काळात वाटलेले, २ जीबी रॅमचे. ते गरम होतात, मधेच थांबतात, ॲप त्यांना पेलत नाही, दुरुस्तीचा खर्च आमच्या अंगावर पडतो, असं सेविकांचं म्हणणं होतं. शिवाय ॲप इंग्रजीत. ज्या बाईला पगार नव्हे, मानधन मिळतं, तिच्या कामाचा पुरावा म्हणजे त्या पडद्यावरची नोंद. नोंद झाली नाही तर काम झालं नाही.

ते फोन मुळात टाकाऊ होते का? कॅनव्हास २ च्या काळातल्या कोणालाही ते चैनीचे वाटले असते. ते एका ॲपच्या मापाने घेतले गेले आणि दुसरं ॲप त्यांच्यावर येऊन बसलं. ते ॲप लिहिताना कोणाच्या टेबलावर कुठला फोन होता, हे मला माहीत नाही. पण मी जिथे जिथे काम केलं तिथली टेबलं मला माहीत आहेत.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सेविका संपावर गेल्या. मागण्यांमध्ये मानधनवाढीबरोबर नवे मोबाइल होते, आणि ते द्यायचं सरकारने मान्य केलं. वर म्हटलेला विर्थ यांचा नियम इथे काय करेल, याचा अंदाज तुम्हाला आला असेल. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहाराचं पाकीट देण्याआधी लाभार्थ्याचा चेहरा फोनच्या कॅमेऱ्याने टिपून तो आधीच्या नोंदीशी जुळवणं पोषण ट्रॅकरमध्ये सक्तीचं झालं. आता अंगणवाडीच्या दारात बाई मूल कडेवर घेऊन उभी राहते, सेविका तिच्यासमोर फोन धरते, आणि पडद्यावरचं चक्र थांबेपर्यंत दोघी डोळे न मिटता तशाच उभ्या राहतात.